आत्याच्या घरातलं भांडण बंद पडलं तेव्हा

गल्लीतली सगळी माणसं तिला आत्याच म्हणतात. तिच्याहून थोरली माणसंसुद्धा. ती काम करते त्या कपडे दुरुस्तीच्या दुकानाचे मालक सत्तरी ओलांडलेले, पण तेही "आत्या, एवढं काज बघा हो" असंच म्हणतात. दुकान म्हणजे दोन शिलाई मशिनं, एक उंच स्टूल आणि बटणांच्या बरण्यांनी भरलेली भिंत. आत्या स्टुलावर बसते, दोन बोटांत बटण धरते, सुई खालून वर काढते आणि पुटपुटायला लागते. गिऱ्हाइकाला वाटतं, ही काही मंत्र म्हणतेय. मंत्र कसला! "ओला टॉवेल. खुर्चीवर. रोज सांगायचं, रोज खुर्चीवर. खुर्ची आहे की दोरी?" एवढंच चाललेलं असतं. टॉवेल तिच्या दादाचा. पण असं पुटपुटत तिने लावलेलं बटण शर्टाच्या चिंध्या झाल्या तरी निघत नाही.

आत्याचं घराणं जादूचं. जादू म्हटल्यावर कोणी उडणाऱ्या माणसांची वाट बघू नये. या घरातलं कोणी कधी अंथरुणातूनसुद्धा वेळेवर उठलेलं नाही. यांना एकच गोष्ट येते, ती म्हणजे वस्तू घट्ट बसवणं. आणि ती जादू चालते भांडणावर. रोज सकाळी चहाच्या टेबलाशी बसायचं आणि एकमेकांना मनापासून चार शब्द सुनावायचे. दादा नळ-फिटर. तो ओरडला की जगभरातले नट-बोल्ट आवळले जातात. वहिनी बाटल्यांच्या कारखान्यात झाकणं तपासतात. त्यांनी टोमणा मारला की झाकणं आणि दारं जागच्या जागी बसतात. ही जादू अशी की लग्न होऊन घरात आलेल्या माणसालाही वर्षभरात लागते. आत्याकडे बटणं, नाड्या आणि गाठी.

भांडण मात्र खरं लागतं, नाटक चालत नाही. आणि माफी अजिबात मागायची नाही. माफी मागितली की आवळलेलं सगळं सुटतं. पूर्वी म्हणे अशी घरं देशोदेशी होती. एकेक करून सगळी समजूतदार झाली. उरलं ते हे एकच.

याच पायी आत्याचं लग्न राहून गेलं. एक स्थळ अगदी ठरत आलं होतं. मुलगा देखणा, नोकरी चांगली. आत्याने विचारलं, "माझ्यात तुम्हाला काय खटकलं?"

"काहीच नाही," मुलगा म्हणाला.

"नीट आठवून बघा."

"खरंच काही नाही."

आत्या उठून आत गेली आणि वहिनींना म्हणाली, "हा माणूस घरात आला तर जगातल्या सगळ्या चड्ड्या खाली येतील."

तर असं सगळं घट्ट चाललेलं असताना एक दिवस पाइपला आटे पाडता पाडता दादा मटकन खाली बसला. घामाने चिंब. डॉक्टर आले, दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून भुवया वर केल्या.

"बीपी वाढलंय. चिडचिड बंद, आवाज चढवणं बंद. घरात एक वाकडा शब्द नको. पुढचा झटका झेपायचा नाही."

आत्याच्या हातातला पेला कलंडला. आईवडिलांच्या मागे तिच्यावर हक्काने ओरडणारं असं जगात ते एकच माणूस होतं. तिने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी तिच्याकडे. जगाचं काय व्हायचं ते होवो, असं दोघींनी न बोलताच ठरवलं.

दुसऱ्या सकाळी टेबलाशी जे काही झालं ते ऐकून अंगावर काटा यावा.

"अहो, चहा टाकू का?"

"तुला सवड असेल तर."

"वहिनी, तुम्ही बसा, मी टाकते."

"छे छे वन्सं, तुम्ही दमता दुकानात."

"तुम्ही दोघी बसा, मीच टाकतो," दादा म्हणाला. आजवर गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हे ठाऊक नसलेला दादा!

एकमेकांना बसवण्यात चहा कोणी टाकलाच नाही. शेवटी दादाने पाण्याचा पेला पुढे केला आणि वहिनी लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला "धन्यवाद" म्हणाल्या. त्यासरशी कपाटाचं दार बिजागऱ्यांतून सुटलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं.

आठवडाभरात जग सैल पडलं. पुलांचे बोल्ट टपाटप नदीत पडायला लागले. बंदरांत बांधलेली जहाजं कोणाला न सांगता निघून गेली. विमानं जमिनीवर बसवून ठेवली. बातम्या देणारा एका हाताने टाय धरून होता, दुसऱ्या हाताने टेबल. कुठल्याशा मोठ्या परिषदेत सगळ्या देशांचे पुढारी या संकटावर ठराव करायला जमले, पण मतदानाला हात वर करायची सोय राहिली नव्हती. दोन्ही हात पॅंटीला लागत होते.

दुकानात आत्याने लावलेलं बटण दोरा तोडण्याआधीच तिच्या मांडीत पडलं. मालक म्हणाले, "आत्या, तब्येत बरी आहे ना?" आत्याने बटण परत बरणीत टाकलं. घरी दादा होता. शांत होता. गोड हसत होता.

तपासायला डॉक्टर आले तेही पॅंट मुठीत धरूनच. पट्ट्याचं वेल्क्रो दंडावर टिकेना. तीनदा बांधला, तीनदा गळून पडला. आत्याने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. एरवी डॉक्टर हसले असते. पण पॅंट सोडून हसणं शक्य नव्हतं.

"म्हणजे तुम्ही भांडलात तर हे सगळं बरं होईल?"

"जग बरं होईल. दादाचं काय होईल ते तुम्ही सांगा."

डॉक्टरांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. "हळू आवाजात भांडता येईल का?"

दादाला वगळूनच भांडावं, असं दोघींनी ठरवलं. स्वयंपाकघराचं दार होतंच कुठे लावायला, म्हणून मोरीत उभं राहून भांडल्या.

"वन्सं, तुम्ही डबे उघडता आणि झाकण भलत्याच डब्याला लावता!"

"आणि तुम्ही माझ्या कात्रीने कोथिंबीर काय, पिशव्या काय, सगळं कापता!"

"कोथिंबीर कधी कापली मी?"

"पिशव्या तर कापता ना!"

डॉक्टरांच्या पॅंटीचं बटण लागलं. झाकणं कराकरा बसली. पुलांचे बोल्ट मात्र गळतच राहिले, कारण बोल्ट दादाचे. पूल सुटे आणि बाटल्या उघडेनात, अशी जगाची भलतीच पंचाईत झाली. तेवढ्यात दादा चपला ओढत मोरीपर्यंत आला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "माझ्यापायी भांडू नका गं. माझं चुकलं. माफ करा."

झालं. होतं नव्हतं तेही सुटलं. डॉक्टरांनी घाईघाईने पॅंट पकडली.

संध्याकाळी टेबलाचा एक पाय सुटून पडला. आता एकच उपाय दिसत होता. दादाला एकही शब्द चढ्या आवाजात बोलावा लागू नये, असं भांडण करायचं. म्हणजे प्रत्येक मुद्दा त्याला आधीच देऊन टाकायचा. डॉक्टर पट्टा घेऊन शेजारी बसले. तो दंडाला नुसता धरून ठेवायचं काम त्यांनी पत्करलं. आत्याने सुरुवात केली.

"दादा, ओला टॉवेल खुर्चीवरच वाळतो. तुझंच खरं."

दादाने मान वळवून पाहिलं.

"आणि माझ्या हाताला मापच नाही," वहिनी म्हणाल्या. "मीठ रोज कमी पडतं. तुमचंच खरं."

दादाची मिशी हलली.

आत्याने डोळे मिटले आणि सगळ्यात मोठा मुद्दा टाकला. हा लहानपणापासून चालत आलेला वाद होता. "आणि तो रेडिओ मीच पाडला होता."

"काय म्हणालीस?"

"रेडिओ. माझ्या हातून पडला. तू नाही पाडलास."

"तूच पाडलास हे मला ठाऊक आहे!" दादा ताडकन उठला. "पण तू कबूल कशी करतेस? आजारी आहे म्हणून जिंकवताय मला? भीक घालताय? इतकी वर्षं मी काय भिंतीशी भांडलो? आणि तू! मीठ कमी नसतं, जास्त असतं! जास्त! दहादा सांगितलंय!"

"मग स्वतः करा की स्वयंपाक!" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"दादा, बस खाली!" आत्या किंचाळली. "ओरडू नकोस, मेल्या!"

कोपऱ्यातून एक नट घरंगळत आला आणि टेबलाच्या पायात चढून बसला. कपाटाचं दार उठून बिजागऱ्यांत गेलं. डॉक्टरांच्या हातातला पट्टा दादाच्या दंडाला सटकन आवळला. दादा खुर्चीत बसला. खुर्ची जराही डुगडुगली नाही. आत्या त्याच्या छातीकडे बघत उभी होती. छाती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

डॉक्टरांनी आकडा पाहिला, मग पुन्हा पाहिला. "पहिल्या दिवशी होता तेवढाच. ना कमी, ना जास्त. यांचं हे नेहमीचंच दिसतंय." त्यांनी घाम पुसला, मोकळ्या हाताने. "गोळ्या चालू ठेवा. भांडण जेवणानंतर करा."

आत्या मटकन जमिनीवर बसली आणि रडायला लागली.

"आता रडतेस कशाला?" दादा ओरडला. "आणि चहा कुठाय?"

पट्टा काही निघेना. कात्री चालेना, पक्कड चालेना. कोणीतरी माफी मागितली तर निघेल, असं आत्याने सांगितलं, पण मागणार कोण? दादा तसाच पट्टा बांधून कामावर जातो. डॉक्टर दर आठवड्याला येऊन त्याला फक्त नळी जोडतात.

त्या भांडणाच्या दुसऱ्या सकाळी दुकानाला निघताना आत्याला खुर्चीवर ओला टॉवेल दिसला. तिने तो उचलला, झटकला आणि सवयीने दोरीकडे निघाली. अर्ध्या वाटेत थांबली. मग परत येऊन तिने टॉवेल होता तसाच खुर्चीवर टाकला, एक टोक जमिनीला लागेल असा, आणि पुटपुटत जिना उतरली.