मावसाजींचा दुसरा पारखी

आमच्या खामगावच्या मावसाजींइतका संशयी आणि तितकाच भोळा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. ते एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापसाचे पारखी होते. तिथली रीत अशी, की एकाच गाडीत दोन पारख्यांनी वेगवेगळा हात घालायचा, चिमटीत धागा ओढून बघायचा आणि एकमेकांशी न बोलता आपापली प्रत सांगायची. दोघांचं जुळलं तरच ते खरं. ही रीत मावसाजींनी घरी आणली आणि मावशीचा संसार अवघड करून ठेवला. भाजीत मीठ जास्त झालंय का, हे ते तिला स्वयंपाकघरात विचारत आणि मला ओसरीवर. एकदा आमचं जुळलं नाही, तेव्हा शेजारच्या मास्तरांना वाटी घेऊन बोलावणं गेलं. पुतण्यासाठी मुलगी बघायलाही त्यांनी दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळी माणसं पाठवली. मुलीच्या बापानं दुसऱ्या दिवशी पोहे करायला साफ नकार दिला.

असा हा माणूस पक्ष्यांच्या नादी लागला होता. एका दसऱ्यानंतर लोणारच्या सरोवराकाठी त्यांना एक पक्षी दिसला. समुद्रकाठी राहणारा, इकडे वाट चुकून आलेला, असं त्यांचं म्हणणं. जिनात सगळे पोट धरून हसले. मावसाजींना हसण्याचं काही वाटलं नाही. त्यांना लागून राहिलं ते एवढंच, की पाहणारा एकटाच होता, म्हणजे पाहणं कच्चं. तेव्हापासून दर वर्षी, नवा कापूस यायच्या आत, ते कुणाला तरी घेऊन लोणारला जात. पक्षी दिसतो कसा, हे मात्र त्या माणसाला सांगत नसत. आधीच सांगितलं तर ती पारख कसली? त्यामुळे कुणी त्यांना बगळा दाखवी, कुणी टिटवी. मास्तरांनी तर मोर दाखवला होता.

महाराष्ट्र नवा होता, मीही नुकताच नोकरीला लागलो होतो, त्या साली माझा नंबर आला. निघताना मावशीनं डबा हातात देत हळूच सांगितलं, "काळा-पांढरा होता, चोच वर वळेल होती, असं सांगजो बापा. सहा वर्सं झाले, या माणसाले चैन नाई." मी मान डोलावली. मेहकरपर्यंत मावसाजींच्या शेजारी बसून मला फार चोरट्यासारखं वाटत होतं.

सरोवराशी उतरलो, डबा खाल्ला. खाऱ्या पाण्याचा उग्र वास येत होता. मावसाजींनी दुर्बीण माझ्या हाती दिली आणि ते डबा धुवायला लांबच्या झऱ्यावर गेले. दोन पारख्यांनी जवळ उभं राहायचं नसतं.

आणि तो खरंच आला. काळा-पांढरा, उंच पायांचा, उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चाललेला. चोच टोकाशी वर वळलेली. मी आधी दुर्बीणच पुसली. हाक मारायला उठलो आणि माझ्या उठण्यानंच तो उडाला.

मावसाजी आल्यावर मी सगळं सांगितलं. खरं बोलत होतो, तरी मावशीचं वाक्य घोकून म्हणतोय असं माझं मलाच वाटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मावशीनं सांगतलं ना तुले?"

मी हो म्हणालो. ते पिशवी उचलून चालू लागले. मला रडूच यायचं बाकी होतं. मागून मी कसंबसं म्हणालो, "पण मावसाजी, पाय निळे होते त्याचे."

ते थांबले. "पायाचं म्या तिले कधीच सांगतलं नाई," असं म्हणून तिथंच एका दगडावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. मी म्हटलं, माझं चुकलं, मी आधी हाक मारायला पाहिजे होती, या खेपेला तुमचं पाहायचं राहिलं.

"माह्यं पाह्यणं तवाच झालं होतं," ते म्हणाले. "तुह्यंच राह्यलं होतं."

त्या रात्री ते कुणालाही न विचारता दोनदा भाजी घेऊन जेवले.

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दसरा झाला की मी अजूनही लोणारला जातो. एकदा तो पक्षी मला पुन्हा दिसला, अगदी जवळून. पण मी एकटा होतो, म्हणून ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.