बोटीतला जयघोष

लखनौला बदली होऊन तीन वर्षं झाली. इथल्या मराठी कुटुंबांच्या सहली मीच आखते, कारण दुसऱ्या कोणी आखल्या तर त्या होतच नाहीत. नवाबगंजचे पक्षी, दुधव्याचे बारशिंगे, पीलीभीतचं सालवृक्षांचं जंगल, सगळं झालं होतं. या जानेवारीत कतर्नियाघाटचं नदीकाठचं अभयारण्य ठरवलं ते माझ्या बाबांसाठी. त्यांनी नांदेडला कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, दरवर्षी फळ्यावर लांब चिंचोळ्या जबड्याचा घडियाल, मगरीचा भाऊबंद, काढला, पण जिवंत घडियाल कधी पाहिला नव्हता. आता गुडघे गेलेत, नजर अधू झालीय. एवढा प्रवास ते पुन्हा करणार नव्हते.

सूचना मी आठ दिवस आधी ग्रुपवर टाकल्या. भडक कपडे नकोत. स्पीकर नको. बोटीत खाणं नको. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

घाटावर दहाच्या सुमारास धुकं विरलं, ऊन पडलं आणि समोरच्या वाळूवर पाच घडियाल येऊन पसरले. बाबांना काठावरून नुसते ओंडके दिसत होते. दोघांनी धरून त्यांना बोटीत बसवलं. नावाडी म्हणाला, "बस, आवाज़ मत कीजिएगा," आणि त्याने बोट ढकलली.

आमच्या ग्रुपमध्ये लखनौच्या मानक नगरला राहणारे एक इंजिनियर आहेत; बस सुटताना ते जे करतात, तेच त्यांनी इथे केलं.

"गणपती बाप्पाऽऽ!"

"मोरया!" अख्खी बोट गरजली.

पाचही घडियाल सरसर पाण्यात. वाळू रिकामी.

"अहो, काय केलंत हे!"

"सवय हो, वहिनी. निघताना बाप्पाचं नाव घ्यायचं नाही?"

"मनात घ्या ना! सूचना वाचल्या होत्या की नाही?"

"त्यात हे कुठे लिहिलं होतं?"

सगळे हसले. नव्हतं लिहिलं. वर माझ्याही तोंडून 'मोरया' निघालं होतं, त्यामुळे मी आणखीच पेटले.

तासभर कासवं आणि पाणकावळे बघितले. परतताना इंजिनियरांनी पाण्याकडे हात केला. "काका, ते बघा नाक! दिसलं?"

बाबा भलतीकडेच बघत होते. "दिसलं, दिसलं. वा!"

"बघा वहिनी, काका खूश!"

मला बाबांचाही संताप आला. कुणाला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस जन्मभर असंच 'वा' म्हणत आलाय.

घाटावर उतरल्यावर सगळे जेवणाकडे वळले. मी तिकिटाच्या खिडकीवर गेले. "भैया, कल सुबह की बोट. दो टिकट."

"अगं, उद्या माझी गाडी आहे," बाबा म्हणाले.

"रद्द करते."

"मग आम्ही?" इंजिनियरांनी विचारलं.

"तुम्ही जेवा आणि लखनौला जा. बसमध्ये हवं तेवढं ओरडा."

कुणीच हसलं नाही. बाबा काठी टेकत खिडकीपाशी आले. हळूच म्हणाले, "नराच्या नाकाच्या शेंड्यावर घड्यासारखा उंचवटा असतो. तो तेवढा बघायचाय."