तांदळावरचं नाव

आमच्या आईला दोन नावं होती आणि त्यातलं माहेरचं ती पार विसरून गेली होती. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, ताट उचललं, संपलं. जुनं नाव कुठं गेलं, हे कुणी विचारलं नाही. आम्हा मराठी लोकांत तशी रीतच होती.

पण आजोबा हुशार. लेकीचं लग्न ठरायच्या आधीच त्यांनी बेंगळूरच्या कडेला, तेव्हा नुसती शेतं होती तिथं, एक जागा तिच्या नावानं घेऊन ठेवली. म्हणजे त्या जुन्या नावानं. पुढं वडिलांनी तिथं घर बांधलं, मागं चिक्कू लावला, मी तिथंच वाढले. कागद मात्र कुणी बदलले नाहीत.

साठ सालाच्या आसपास, मी कॉलेजात असताना, वडील गेले. वर्षश्राद्धाला बेळगावचे काका आले. घर आमच्या दादानं बांधलं म्हणजे ते घराण्याचं, पोरगी काय उद्या परक्याच्या घरी जायची, असं गोडगोड बोलून गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.  दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन शेजारच्या वकिलांकडे गेली आणि म्हणाली, मृत्युपत्र करायचंय, घर हिलाच द्यायचं.

वकिलांनी कागद उलगडले आणि कपाळाला हात लावला. देणार तुम्ही, पण कागदावर मालकीण ही कोण मुलगी? दोघी एकच, हे आधी शपथेवर लिहून द्या, आणि त्या नावानं ओळखणारं कुणीतरी साक्षीला आणा. नाहीतर दिरांना आयतंच फावेल.

कुणाला आणायचं? माहेरचं कुणी उरलं नव्हतं. आई दोन दिवस चिक्कूखाली बसून होती, डोळे अर्धवट मिटून, ओठ हलवत. मग तिला बेंगळूरच्याच शिवाजीनगरची अक्का आठवली, लहानपणीची शेजारीण, बाजारात फुलं विकणारी. आम्ही तिला हुडकून काढलं. तिनं आधी ओळखलंच नाही. आईनं आजोबांचं नाव घेतलं तशी तोंडाला पदर लावून रडायला लागली. साक्षीचं विचारलं तर एवढंच म्हणाली, सरी, म्हणजे बरं, येते.

शपथेच्या कागदासाठी कचेरीत लांब बाकावर आम्ही बसलो. वरच्या कौलातून ऊन गळत होतं, त्यात धूळ सावकाश तरंगत होती. शिपायानं ते जुनं नाव पुकारलं. आई ढिम्म. पुन्हा पुकारलं. ती आपली त्या धुळीकडे बघतेय. मी कोपरानं ढोसलं तरी हलेना. वकिलांना घाम फुटला. स्वतःच्या नावाला ओ न देणाऱ्या बाईवर साहेब विश्वास ठेवणार कसा? घर डोळ्यांदेखत चाललं होतं.

तेवढ्यात अक्कानं मागून हाक मारली. तेच नाव, पण शेवटी लांबवलेलं, दिवेलागणीला पोरींना खेळातून घरी बोलावतात तसं.

आई ताडकन उठली. "आले," म्हणाली, आणि तो आवाज दहा वर्षांच्या पोरीचा होता. साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, हसले आणि सहीसाठी टाक पुढं केला.

 येताना बसमध्ये ती माझा हात धरून म्हणाली, "मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत. मनात म्हटलं, कुठं गेली असेल गं बिचारी, येत का नाही?" मला रडू आवरेना.

मृत्युपत्र पुढच्या महिन्यात झालं. आईमागं घर माझं, माझ्या पाळण्यातल्या नावानं.

तीनेक वर्षांनी माझं लग्न झालं. कार्यालयातच लक्ष्मीपूजन होतं. तांदळाचं ताट आलं, सासूबाईंनी नवं नाव आधीच ठरवून ठेवलेलं, तेही चांगलं लाडाचं. आई रीतीप्रमाणं लांब खांबाआड बसली होती, विधवा बाईनं पुढं यायचं नसे. ती उठली आणि सगळ्यांच्या देखत ताटापाशी येऊन उभी राहिली.

"हिचं नाव बदलू नका," ती म्हणाली. "मी घर त्याच नावानं लिहिलंय."

 सासूबाईंचा चेहरा उतरला. यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तांदळावर माझंच नाव लिहिलं.

म्हातारी झाले आता. पण कुणी नावानं बोलावलं की मी पहिल्या हाकेला ओ देते.