दोन तोंडांनी खाणारं इंजिन

विजेचा दिवा लख्ख लागलेला असताना शेजारी कंदील पेटवून बसणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? भवानीपूरला आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर एक राहत होते. करंट गेल्यावर अंधारात काडेपेटी चाचपडायची, हे त्यांना मान्य नव्हतं. "वेळ सांगून येत नाही, वहिनी," असं म्हणायचे आणि कंदिलाची वात थोडी खाली करायचे.

खिदिरपूरच्या गोदीत मालगाड्या ओढणारी कोळशाची इंजिनं होती. त्यांच्या शेडमध्ये ते फोरमन होते, म्हणून सगळे त्यांना फोरमन म्हणत. त्यांची बायकोसुद्धा. आमचे हे बँकेत, बदलीवर आलेले. कलकत्त्यात मराठी घरं मोजकी, त्यामुळे पटो न पटो, एकमेकांना धरून राहावं लागायचं.

ती वर्षं लोडशेडिंगची. एकदा फोरमन बजबजच्या लोकलमध्ये अडकले. तारेतला करंट गेला आणि गाडी मध्येच उभी राहिली. जूटमिलचे कामगार शिव्या देत उतरले आणि रुळांतून चालू लागले. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून तेलाच्या टाक्या ओढत एक कोळशाचं इंजिन आलं आणि धूर सोडत आरामात निघून गेलं. दुसऱ्या कुणी सरकारला नावं ठेवली असती. फोरमन घरी आले ते डोक्यात नवं इंजिन घेऊन.

ते मला जसं कळलं तसं सांगते. इंजिनात बॉयलर, बॉयलरच्या वाफेवर फिरणारं चाक, आणि त्या चाकावर इंजिनातच तयार होणारी वीज. शिवाय रुळाशेजारी आणखी एक रूळ, त्यातून बाहेरचा करंट. बाहेरचा असेल तोवर तो घ्यायचा, गेला की घरचा.

"मग बाहेरचा असताना आतला विस्तव विझवून ठेवता का?" मी विचारलं.

"छे. विझवला तर वाफ धरायला किती वेळ जाईल. तोवर करंट परत येतो."

"म्हणजे दोन्ही जळत राहणार."

"याला खबरदारी म्हणतात, वहिनी."

"आमच्याकडे उधळेपणा म्हणतात."

फोरमनीणबाई आतून म्हणाल्या, "सांगा, तुम्ही तरी सांगा. घरात रॉकेल उरत नाही."

पण माणूस चिकाटीचा. त्यांनी त्याचा नमुना केला. वनस्पती तुपाच्या डब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, सायकलचा डायनॅमो, चाकं फिरवायला छोटी मोटर, आणि पुढे एक बारीक बल्ब. शेडमधल्या साहेबांनी तो पाहायलाही नकार दिला. त्यांच्याकडे डिझेलची इंजिनं येऊ घातली होती, कोळशाचं नाव कुणाला नको होतं. फोरमनांना पेन्शनीला थोडाच अवधी होता. त्याआधी रेल्वेतल्या एखाद्या मोठ्या माणसानं ते चालताना पाहावं आणि 'करून बघू' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. नंतर केलं नाही तरी चाललं असतं, असं मला वाटतं.

आणि तसा माणूस आला. रेल्वेतले एक बडे मराठी साहेब बदलून कलकत्त्याला आले आणि आमच्या मराठी मंडळानं त्यांना गणपतीत पाहुणे म्हणून बोलावलं. फोरमनांनी त्या वर्षीची आरास मागून घेतली. गणपतीभोवती गोल रूळ टाकले, शेजारी मांडवातल्या करंटचा तिसरा रूळ, आणि त्यावर इंजिन ठेवलं. बाकी लोकांना वाटलं, मुलांसाठी काहीतरी केलंय.

बेत सरळ होता. रोज आरतीच्या सुमारास करंट जायचा. तो गेला की सगळं थांबेल आणि इंजिन थांबणार नाही. साहेब बघतील. तुम्हीच सांगा, अख्ख्या कलकत्त्यात लोडशेडिंगची वाट बघणारा दुसरा कोण असेल?

आरती झाली. मंत्रपुष्प झालं. पंखे गरागरा फिरत होते. मंडळाचे चिटणीस मोठ्या हिकमतीचे. पाहुण्यांपुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून त्यांनी कुणाकुणाला भेटून त्या संध्याकाळपुरता आमच्या भागाचा करंट राखून घेतला होता. साहेबांसमोर त्यांनी ते अभिमानानं सांगितलंही. फोरमन इंजिनाजवळ उकिडवे बसले होते, ते ऐकून तसेच बसून राहिले.

मी खिरापतीचं ताट घेऊन त्यांच्याजवळ गेले. "मेन स्विच पाडू का?"

"नको. ती लबाडी होईल."

"मग तोंडानं सांगा साहेबांना."

त्यांनी सांगितलं. साहेब वाकून बघत होते. "हो का? वा," म्हणाले. "फार गोड खेळणं आहे." आणि ते जेवायला बसले.

साहेबांची गाडी वळणावरून गेली आणि करंट गेला. मांडवात आम्ही बायका खरकटं आवरत होतो. त्या काळोखात इंजिन एकदाही न अडखळता फिरत राहिलं, गणपतीच्या मागे जाऊन पुन्हा पुढे येत. आम्ही हात थांबवून बघत राहिलो.

"चाललं की हो, भाऊजी," मी म्हटलं.

"चाललं. पण बघायला कोण?"

"आम्ही आहोत ना."

"तुम्ही आहात. पण तुम्ही रेल्वेत नाही."

ते खरं होतं. फोरमनीणबाई मात्र भांडी टाकून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. स्पिरिट संपेपर्यंत दोघं तिथेच होती.

चार-पाच दिवसांनी साहेबांचा ड्रायव्हर आमच्या दारात आला. साहेबांनी ते इंजिन घेऊन बंगल्यावर बोलावलं होतं. फोरमनांनी लग्नातला कोट काढला. फोरमनीणबाईंनी मला वर येऊन सांगितलं, "बोलावलं हो शेवटी." त्या दिवशी त्यांनी साखर वाटली.

बंगल्यावर साहेबांच्या नातीचा वाढदिवस होता.

पुढच्या वर्षी गोदीतली कोळशाची इंजिनं भंगारात गेली आणि फोरमन नागपूरला गेले. तिथेच वारले म्हणतात. मला आठवतात ते त्या वाढदिवसाहून परत येताना. ट्रामनं आले होते. कोट घामानं पाठीला चिकटलेला, इंजिनाचा खोका काखेत, हातात केकचा तुकडा कागदात बांधलेला. मी जिन्यात उभी होते.

"काय झालं?"

"फिरवलं तासभर. पोरं खूश झाली."

"करंट गेला का?"

त्यांनी खोका पायरीवर ठेवला आणि कपाळ पुसलं.

"त्यांच्याकडे जात नाही, वहिनी," ते म्हणाले. "त्यांना माहीतच नाही, जातो म्हणून."