सड्यावर सायकल जड झाली

अशा सदरांतले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून झाले की नवऱ्याला ऐकवते, "बघ, लोकांना काय काय दिसतं." मग आम्ही दोघं हसतो. म्हणजे, हसायचो... कौल, भुतंखेतं, अंगात येणं, यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर अजूनही धड बसलेला नाही. महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल प्लँटमध्ये मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. गेज तपासायचे, खोटं दाखवणारा गेज काढायचा, खरा बसवायचा, हे माझं काम. काटा हलला तरच काहीतरी घडलं, एवढंच मी मानते. तरी हे लिहितेय, कारण जे घडलं ते भर सकाळी, लख्ख उन्हात आणि चारचौघांसमोर घडलं.

माझं माहेर आणि सासर दोन्ही पोलादपूरच्या डोंगरात, कशेडी घाटाच्या अलीकडे. वरची वाडी माहेर, खालची वाडी सासर. दोन्हींच्या मधे सडा, म्हणजे कातळाचं आणि गवताचं उघडंबोडकं पठार. दोन्ही वाड्यांची देवी एकच, काळकाई. शिमग्यात तिची पालखी पूर्वी खिंडीतून निघून, सडा ओलांडून, पलीकडच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरायची. वाटेत ती टेकवायला विसाव्याचे दगड होते. डांबरी रस्ता झाला तशी देवी टेम्पोत बसली आणि सड्यावरची वाट गवताखाली गेली. मी तेव्हा अगदीच लहान होते.

पालखी ओढते, पालखी जड होते, तिला थांबायचं असेल तिथे ती थांबतेच, हे आमच्याकडे प्रत्येक पोर ऐकत वाढतं. मी शाळेत असतानाच शोध लावला होता की ओढतबिढत काही नाही, मागचा माणूस ढकलतो. बाबांनी पाठीत धपाटा घातला. लग्नानंतर तेच वाक्य मी सासऱ्यांसमोर बोलले, तर अण्णा कितीतरी दिवस माझ्याशी बोलेनात. माझा दीर संतोष पालखीला खांदा देतो. तो मात्र अजून चिडवतो, "वयनी, या वर्षी मी मागं हाय हां, बघा कसा ढकलतो."

तर, सायकल. आमच्या प्लँटमधल्या चारसहा जणांनी डोंगरात चालवायच्या सायकली घेतल्या तेव्हा मीही घेतली. सुट्टीच्या दिवशी खिंडीपर्यंत टेम्पोत घालून न्यायच्या, तिथून सड्यावरून मनाला येईल तशा दामटत खालच्या वाडीत उतरायच्या. तिथे माझ्या सासूबाईंच्या हातची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. आठवडाभर हेल्मेट, गॉगल, मास्कमध्ये कोंडलेली मी त्या सड्यावर मोठ्याने गाणी म्हणायची. घरात, कामावर सगळीकडे मी कुणाची तरी कुणीतरी असते. तिथे नसते. हे एवढंसं वाटेल, पण माझ्यासाठी एवढंसं नव्हतं.

मग पवनचक्क्या आल्या. मला त्या आवडतात, आधीच सांगते. मुकाट्याने काम करणारी कुठलीही गोष्ट मला आवडते. पण चक्क्या उभ्या राहिल्यावर कंपनीने अख्ख्या सड्याला तारेचं कुंपण घालायचं ठरवलं. मी आमच्या ग्रुपच्या वतीने साइटवरच्या रेड्डी साहेबांना भेटले. माणूस सभ्य. म्हणाले, "मॅडम, जुना वहिवाटीचा रस्ता असेल तर मी गेट ठेवणार. पायी, सायकल, पालखी, सगळ्यांना ओपन. पण मला तो जागेवर दाखवा. नाही दाखवला तर मी काय करणार?"

मला वाटलं, एवढंच ना? बाबांनी आणि अण्णांनी, दोघांनीही तरुणपणी त्या वाटेने पालखी वाहिलेली. आणि इथेच आमच्या लोकांनी आमच्याच लोकांना शोभेल असा घोळ घातला.

पहिला विसावा ज्या वाडीच्या बाजूला, त्या वाडीचा पहिला नारळ, अशी रीत. तो मान कुणाचा, यावर दोन्ही वाड्या वर्षानुवर्षं भांडत आलेल्या. रेड्डी साहेब पाहणीला आले तेव्हा बाबांनी त्यांना डोंगराच्या अंगाने, वरच्या वाडीला खेटून नेलं. "हीच वाट, साहेब. डोळं बांधून चालंन मी." लगेच अण्णांनी त्यांना दरीच्या अंगाने, खालच्या वाडीच्या वरून फिरवलं. "ह्यांचं काय ऐकू नका. वाट हीच हाय." विसाव्याचा दगड मात्र दोघांनाही सापडला नाही. त्यावर दोघांचं एकच उत्तर, चक्क्यांच्या मशिनरीने गाडला असेल.

रेड्डी साहेबांनी घाम पुसला. "मॅडम, दोन रस्ते म्हणजे एकपण नाही. पुढच्या रविवारी परत येतो. त्यानंतर कुंपणाची माणसं कामाला लागतील."

तो आठवडा कसा गेला विचारू नका. माहेरी फोन केला की बाबा म्हणायचे, "तू आमची हायस का त्यांची?" सासरी अण्णा म्हणायचे, "सुनबाय, आता तूच खरं काय ते साहेबाला सांग." नवऱ्याने शहाणपणाने त्या रविवारची शिफ्ट मागून घेतली. दोन्ही म्हातारे खोटं बोलत नव्हते, हे मला कळत होतं. भांडून भांडून दोघांना आपापली वाट खरी वाटायला लागली होती. पण त्या हट्टापायी सडा माझ्या हातातून चालला होता. मला दोघांचाही मनापासून राग आला होता.

रविवारी सकाळी आम्ही खिंडीत जमलो. बाबा, अण्णा, कुदळ घेऊन संतोष, रेड्डी साहेब, दोन्ही वाड्यांतली दहाबारा माणसं. वाट खिंडीतून सुटते, एवढ्यावर तरी एकमत होतं. निघायच्या आधी अण्णांनी खिंडीतल्या देवीच्या दगडावर पान ठेवून गाऱ्हाणं घातलं. "आई काळकाई, आमची तोंडं काय एक होत नाय. तुझी वाट तूच दाखव." मी हेल्मेट घालून सायकलवर तयार होते आणि मनात म्हणत होते, आटपा आता. माझा बेत साधा होता. मनाला येईल तशी सायकल हाकायची, चाकांनी कशाचं काही नुकसान होत नाही हे साहेबांना दाखवायचं आणि हात जोडून विनंती करायची.

पायडलवर पाय ठेवला आणि हँडल वळलं.

मी वळवलं नाही. आधी वाटलं, हँडलचा बोल्ट ढिला झाला. सरळ करायला गेले तर होईना, कुणी दुसऱ्या बाजूने धरल्यासारखं. सायकल बाबांची वाट एका हाताला टाकून आणि अण्णांची दुसऱ्या हाताला टाकून मधल्याच अंगाने निघाली. मी पायडल मारायचं थांबवलं. सायकल थांबली नाही... मागच्या चाकातून टिकटिक टिकटिक आवाज यायला लागला. ज्यांनी अशी सायकल चालवली आहे त्यांना माहीत असेल, पाय न हलवता चाक फिरलं की तो आवाज येतो. उतारावर येतो. तिथे चढ होता.

बरं, वारा पाठीशी असेल म्हणाल, तर तोही नाही. पवनचक्की वाऱ्याकडे तोंड करून फिरते, हे रेड्डी साहेबांनीच मला शिकवलं होतं. आणि समोरच्या सगळ्या चक्क्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. म्हणजे वारा समोरून, चांगला अंगावर येत होता. मागून सगळे धावत होते. अण्णा ओरडले, "ब्रेक मार गो!" मी मारले नाहीत. घाबरले होते का? होते. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मला आनंद होत होता.

थोडं वर गेल्यावर सायकल जड झाली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. पंक्चर नाही, ब्रेक मोकळे, पण पुढे ढकलली तर हलेना. संतोषने येऊन हात लावला. एरवी एका हाताने उचलतो तो ती सायकल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि चिडवायचं विसरून गेला.

"जड झाली," अण्णा हळू आवाजात म्हणाले. बाबांनी चपला काढल्या.

संतोषने चाकाच्या पुढ्यात कुदळ घातली. गवताचा थर निघाला, ढेकळं निघाली आणि कुदळ ठण्णकन वाजली. खाली सपाट घडीव दगड होता, मधे पणतीएवढी खळी, तेलाने काळी पडलेली. बाबांनी खाली बसून त्या खळीत बोटं फिरवली. "हिथंच," ते म्हणाले. "हिथंच टेकवायचो रे आपण." अण्णा त्यांच्या शेजारी बसले. किती वर्षांनी ते दोघं शेजारी बसलेले मी पाहिले.

त्यानंतर सायकल हलकी झाली, पुढे निघाली, पुन्हा जड झाली. पुन्हा दगड. शेवटी ती मला सड्याच्या कडेला घेऊन आली आणि नेहमीच्या सायकलीसारखी मुकाट उभी राहिली. संतोषने कारवीची झुडपं बाजूला केली, तर खाली पाखाडीच्या पायऱ्या. मागे वळून पाहिलं तर खिंड, दोन्ही दगड आणि पाखाडी, सगळं एका वाटेवर, आणि ती वाट कुठल्याच वाडीच्या बाजूला नाही, बरोबर मधून.

मी मागे जाऊन माझ्या बाटलीतलं पाणी पहिल्या दगडाजवळ ओतलं. ते मागे, खिंडीकडे वाहत गेलं. चढच होता. रेड्डी साहेबांनी वाकून त्या पाण्याकडे पाहिलं.

"मॅडम, गेट याच वाटेवर," ते म्हणाले. मी तिथेच सड्यावर बसकण मारली आणि ढसाढसा रडले. जिंकल्यावर इतकं रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

माझं रडणं थांबायच्या आत बाबांनी विचारलं, "मग पयला नारळ कोणाचा?" दगड मधोमध निघालेला. पुन्हा आवाज चढले. शेवटी रेड्डी साहेबच म्हणाले, "काका, दोन आणा. एकदम फोडा."

नंतर मी काय काय केलं ते विचारा. सायकल पूर्ण खोलली, बेअरिंग तपासली, काही नाही. पुढच्या सुट्टीला एकटीने तोच चढ चढले, तर सगळ्यात हलक्या गिअरवर धाप लागली. प्लँटमधला एकजण म्हणाला, जमिनीखालच्या केबलचा परिणाम. त्या बाजूने केबल गेलेलीच नाही. दुसरी म्हणाली, लहानपणी बाबांच्या कडेवरून तू ती वाट पाहिली असशील, हातांना आठवली. असेल... हँडल माझ्या हातांनी वळवलं असेल, हे मी मान्य करीन. पण पाय थांबलेले असताना मला चढावर कुणी नेलं? हा काटा मला अजून जुळवता आलेला नाही.

कुंपण झालं, गेट झालं, आणि शिमग्यात पालखी पुन्हा सड्यावर आली. आमच्याकडे बाईने पालखीला खांदा द्यायची रीत नाही. पण खिंडीत अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "सुनबाय, सायकल घेऊन पुढं हो. वाट तुला ठाव हाय." बाबांनी हँडलला हळदकुंकू लावलं. मी सायकल हातात धरून पुढे चालायला लागले. ढोल वाजत होते, डोक्यावर चक्क्या फिरत होत्या आणि माझी सायकल कापसासारखी हलकी होती.

चढ लागला तशी मागून पालखी भरभर यायला लागली, पार माझ्या टाचांना भिडेपर्यंत. मी वळून पाहिलं. मागच्या दांडीला संतोष होता, घामाने निथळत. मला राहवलं नाही. "ढकलतोस काय रे?"

"ढकलतोय कुठला, वयनी," तो दात आवळून म्हणाला. "मागं ओढून धरलीय."

मी वाटेतून बाजूला झाले नाही, फक्त भरभर चालायला लागले.