मी जिवंत ठेवलेला माणूस

हिंगणघाटला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देणं. मोबाइल आल्यापासून जिवंत माणसं स्वतःच स्वतःचे फोटो काढतात, पण मेलेला माणूस अजून फ्रेममध्येच भिंतीवर लागतो, त्यामुळे दुकान तगून आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइल समोर ठेवून गोष्टी सांगायचो आणि यूट्यूबवर टाकायचो. नामचीन दरोडेखोर, बंद खोलीत मेलेल्या नट्या, कधीच न उलगडलेले खून. बोलायची खोड मला लहानपणापासूनच, आणि ऐकणारेही फुकटात मिळत होते.

माझा एक नियम होता. शेवटी अशी एक गोष्ट सांगायची, जी कोणालाच माहीत नाही. आणि कोणालाच माहीत नसलेली गोष्ट मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ती आपणच तयार करणं. एका दरोडेखोराला मी दमेकरी करून टाकला. घोड्यावर बसला की त्याला धाप लागायची. एका जुन्या नटीला मरायच्या आदल्या दिवशी ज्वारीची भाकर खावीशी वाटली. लोक हळहळायचे. मेलेली माणसं कमेंट करत नाहीत, म्हणून माझं सगळं खपून गेलं. लाज वगैरे वाटली नाही. उलट आपण कलावंत आहोत असं वाटायचं.

मग एक दिवस वडनेरच्या पुढच्या एका खेड्यातून पन्नाशीतला एक शेतकरी आला. जुन्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो काढून त्यानं काउंटरवर ठेवला. धाकट्या भावाचा होता.

"हार टाकू का?" मी सवयीनं विचारलं.

"टाका," तो म्हणाला. "आता टाकाच."

फोटो स्कॅन होईपर्यंत त्यानं सगळं सांगितलं. भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. बारा वर्षांपूर्वी पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत येतो म्हणून हिंगणघाटला निघाला, तो आलाच नाही. वेणा नदीच्या पुलावर त्याची सायकल कठड्याला टेकवून कुलूप लावलेली सापडली. शेजारी चपला, जोडीनं. नदीला पूर होता. प्रेत मिळालं नाही, चिठ्ठी नाही, भांडण नाही. पोलीस थकले, घरचे थकले. आमच्याकडे असा बेपत्ता माणूस बारा वर्षांत आला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, तोच तो माणूस समजून घाटावर नेऊन जाळतात, आणि मग घरचे सुतक पाळतात, तेरवी करतात. बायकोचं कुंकू तोवर तसंच राहतं.

"माय आत्ता कुठं हो म्हणाली," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात करून राह्यलो."

फोटो मोठा केल्यावर डाव्या भुवईत एक बारीक खूण दिसली. मी सवयीप्रमाणे चेहरा साफ केला, खूण पुसली, शर्टाला रंग दिला, झेंडूचा हार टाकला. छान झाला. मोठा भाऊ फोटो घेऊन गेला, आणि त्याच दुपारी मी मोबाइल समोर ठेवून ती गोष्ट सांगितली.

नाव नाही घेतलं, एवढी अक्कल होती. पण पूल, कुलूप, चपला, जिनिंग, सगळं सांगितलं. शेवटाला काहीतरी हवंच होतं. म्हणून एक ट्रकवाला उभा केला. त्यानं हैदराबाद रोडवरच्या एका ढाब्यावर तंदूरमध्ये रोट्या लावणारा एक मुका माणूस पाहिला. आणि त्या माणसाच्या डाव्या भुवईत बारीकशी खूण होती.

तो व्हिडिओ माझ्या सगळ्या दरोडेखोरांपेक्षा जास्त चालला. मी फुगून गेलो होतो.

चौथ्या दिवशी चाळिशीची एक बाई दुकानात आली. कपाळावर कुंकू. "भाऊ," ती म्हणाली, "त्या ट्रकवाल्याचा नंबर द्या. तो माहा नवरा होय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, तो आंध्रातला होता, त्याचा नंबर बंद येतो. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सासूनं पुतळ्याचं थांबवलं. पानं आणून ठेवली होती, वाळून गेली." आणि गेली.

महिन्याभरानं ती पुन्हा आली, तेव्हा तिच्या पिशवीत मीच केलेली फ्रेम होती. ती आणि तिचा जेठ, म्हणजे फोटो करून नेणारा तो मोठा भाऊ, पार राज्याच्या हद्दीपर्यंत एकेक ढाबा हुडकून आले होते. फोटो दाखवला की लोक म्हणायचे, याले तर हार टाकेल आहे, मंग काऊन शोधून राह्यले?

"हार काढून द्या, भाऊ," ती म्हणाली.

हार काढायला दोन मिनिटं लागली. त्या दिवशी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला स्वतःची शिसारी आली. व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर दुसऱ्यांनी तो उचलला होता. एकानं तर माझ्या ट्रकवाल्याला ट्रकचा रंगसुद्धा दिला होता.

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. त्यांची म्हातारी आई ओसरीवर तूर पाखडत होती. जेठ शेतात गेला होता, ती बाई दाराशी उभी राहिली. मी म्हातारीच्या पुढ्यात बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ट्रकवाला नाही, ढाबा नाही, मुका माणूस नाही. मीच रचलं. हात जोडले.

तिनं सूप खाली ठेवलं. राग नव्हता, उलट कीव होती.

"तुले कोणी दम दिला काय रे बाप्पा?"

"नाही माय. खरंच सांगतो."

"मंग भुवईतली खूण तुले कशी माहीत? लहानपणी विळा लागला होता त्याले. घरच्या माणसाबिगर कोणाले माहीत नाई."

मी म्हणालो, फोटोत दिसली. तिनं सुनेला फोटो आणायला लावला, डोळ्यांजवळ धरून पाहिला. त्यात खूण कुठून असणार, मीच पुसली होती. मूळचा नखाएवढा फोटो दाखवला, तर तिला त्यात चेहराच दिसेना. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्येही साफ केलेलाच उरला होता.

"नाई ना?" म्हातारी म्हणाली. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मला तिकडे बघवेना. "त्या ट्रकवाल्यानं खरंच पाह्यलं त्याले. तू आता भिऊन बोलून राह्यला. माहं पोरगं जितं आहे. मी बसली आहे तोवर या घरात पुतळा नाई होऊ द्यायची."

मी उठलो. ती बाई गाडीपर्यंत मागं आली.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं, भाऊ, तुमच्या तोंडावरून," ती म्हणाली. "तरी ढाबे हिंडली. नाई गेली असती तर घरचेच म्हणाले असते, हिले नवरा नको."

मी गाडीला किल्ली लावली.

"तो गेला, हे मले बारा वर्षांपासून माहीत आहे. पण जित्या माणसासाठी रडता येत नाई, सासू रडू देत नव्हती. म्हणून मी पुतळ्याच्या दिवसासाठी सगळं ठेवून दिलं होतं." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "आता मी कवा रडू, तेवढं सांगून जा."