गाड्या उठवणारा तुर्मुदी

थंडीच्या दिवसांत आमच्या वाडीत आधी तुर्मुदी उठायचा, मग गाड्या, मग बाकीची माणसं. विषुववृत्ताच्या खालचं आमचं दियेंगचं उंच पठार जुलै-ऑगस्टात असं काही गारठतं की सकाळी बटाट्याच्या पाल्यावर मीठ सांडल्यासारखं दंव दिसतं. त्याला आम्ही विषाचं दंव म्हणतो, कारण ऊन वर आलं की तोच पाला काळा पडतो. माणूस सारोंग गुंडाळून चुलीला चिकटतो. डिझेलच्या गाडीला कोण पांघरूण घालणार? त्यात सरकारने डिझेलमध्ये पाम तेल मिसळायला सुरुवात केली, आणि दर दोन-चार वर्षांनी ते आणखी वाढवत नेलं. खाली जाकार्तात त्याचं कुणाला काही नाही. तिथे माणसाचा घाम वाळत नाही, तेल कुठून थिजणार! आमच्याकडे मात्र बाटलीतलं खोबरेल बसतं तसं ते टाकीत बसायचं, फिल्टर तुंबायचा, आणि धडधाकट पिकअप अंगणात मेल्यासारखा पडून राहायचा.

मग तुर्मुदी यायचा. एका हातात निखाऱ्यांची शेगडी, दुसऱ्या हातात वाफाळती किटली, ओठात लवंगेची विडी. शेगडी टाकीखाली सरकवायची, फिल्टरवर पोत्याचा तुकडा टाकून वरून बेताबेताने गरम पाणी सोडायचं आणि उकिडवं बसून राहायचं. मालकाचा जीव वरखाली होत असायचा.

"मारू का सेल्फ, लिक?" गावातली तरणी पोरं त्याला लिक म्हणायची, म्हणजे काका.

"थांब. झोपेतल्याला लाथ घालून उठवलं तर तो दिवसभर भांडतो."

तो मान हलवायचा तेव्हाच किल्ली फिरवायची, आणि गाडी हमखास उठायची. बदल्यात कुणी पिशवीभर बटाटे द्यायचं, कुणी तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची भजी, कुणी नुसताच चहा. शेवटचा फेरा आरोग्य केंद्रावर, तिथली रुग्णवाहिका उठवायला. तिथे तो चहासुद्धा घ्यायचा नाही. "आजाऱ्याच्या गाडीचं कसलं घ्यायचं," म्हणायचा.

या कामाचा त्याला गर्व होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. शेजारचा कासनो तोंडावर म्हणायचा, "ह्याला सांगू नका कुणी, नाहीतर उद्या किटली घेऊन कबरस्तानात जाईल." तुर्मुदी हसायचा, पण मनातून खूश व्हायचा. कोणती गाडी किती गारठ्यात किती वेळ घेईल हे त्याला गाडीकडे न बघता कळायचं. अर्धं आयुष्य दुसरं केलंच काय होतं त्याने?

त्याला एकुलती एक मुलगी, वितारी. उशिरा झालेली, त्यामुळे लाडाची. लहानपणी किटली धरून बापामागे फिरायची आणि म्हणायची, "बापाक, गाड्यांना तेवढं लाडाने उठवतोस, मला मात्र ओरडून." तिचं लग्न झालं, नवरा पोटासाठी रियाऊला पामच्या मळ्यात घड तोडायला गेला. म्हणजे जावई तिकडे झाडावरून जे उतरवी तेच इकडे सासऱ्याच्या टाकीत येऊन थिजे. यावरूनही गावात विनोद व्हायचे. वितारीला दिवस गेले तशी ती माहेरी आली. नवऱ्याने जवळपास कुठेतरी काम धरावं एवढंच तिचं म्हणणं होतं. दर फोनला तेच, आणि फोन ठेवला की मुकाट्याने बटाटे सोलत बसायची. बापाला ते बघवत नसे.

अशात हेंद्रार्तो नावाचा इंजिनीअर तीन नव्या गाड्या घेऊन पठारावर आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याने वाडीच्या टोकाचं मोकळं आवार भाड्याने घेतलं, गाड्या उघड्यावर उभ्या केल्या, बॉनेटवर, दारांवर, टाकीच्या झाकणावर सील चिकटवली आणि गावात विचारलं, थंडीतल्या गाड्यांची माहिती कुणाला आहे? सगळ्यांनी तुर्मुदीकडे बोट दाखवलं.

"पाक तुर्मुदी," तो म्हणाला; पाक म्हणजे आमच्याकडचं मानाचं राव, "या गाड्या चालू करायच्या नाहीत. ऊब द्यायची नाही. शेगडी जवळसुद्धा आणायची नाही. कडाक्याच्या रात्री अशाच उघड्यावर काढायच्या आणि ठरल्या दिवशी पहाटे एकदा किल्ली फिरवायची. उठल्या तर उठल्या."

"उठायच्या नाहीत."

"तर तसं लिहू. पण हे तेल वेगळं आहे, पाक. याला नवं मानक लावलंय. तळाशी बसतो तो साका काढून टाकलाय, पाणी जवळजवळ राहू दिलेलं नाही. तुमच्या पठारावर गाडी उठली की हेच तेल देशभर जाईल."

"पाक इंजिनीअर, तेल ते तेल. पाम थिजतो. तुम्ही ते बाटलीत बघता, मी टाकीत बघत आलोय."

हेंद्रार्तो हसला, आणि त्याने त्यालाच राखणदार नेमलं. संध्याकाळपासून ऊन वर येईपर्यंत आवारात बसायचं, गाडीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, जागा सोडायची नाही. किल्ल्या सीलबंद पाकिटात त्याच्याकडेच. आणि चाचणी नीट पार पडली तर जावयाला खाली वोनोसोबोच्या डेपोत कायमची नोकरी. त्या शब्दाने तुर्मुदी विरघळला.

वितारीने ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. मग लगेच म्हणाली, "पण बापाक, गावातल्या गाड्या कोण उठवणार?"

"कासनोला शिकवलंय."

"आणि केंद्राची?"

"मुख्लास शेडमध्ये ठेवील. एक हंगाम निघेल तसाच."

मुख्लास हा रुग्णवाहिकेचा चालक. त्याने खरंच गाडी शेडमध्ये घेतली, वर ताडपत्री टाकली. माणसाने आपल्या परीने केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला. म्हाताऱ्यांनी नाक वर करून सांगितलं, जबर दंव येणार. मग काय, सगळी वाडी शेतात उतरली. दिवसभर बटाटे उपसले आणि संध्याकाळीच, गाड्या गार व्हायच्या आत, झाडून सगळे पिकअप माल भरून खाली बाजाराला गेले. कासनोही गेला. वाडीत मागे उरली बायकापोरं, म्हातारेकोतारे आणि आवारातल्या त्या तीन गाड्या.

पहाटे, पूर्वेला नुकतं फटफटत असताना, सुलासी धावत आवारात आली. सुलासी म्हणजे तुर्मुदीची बायको. पायात चपला नव्हत्या.

"पाकने, वितारीच्या अंगावरून जातंय. रक्त थांबत नाहीये." पोरीचा बाप म्हणून ती त्याला पाकने म्हणायची, आणि पोरीची आई म्हणून तो तिला माकने.

तुर्मुदीने तिथूनच मुख्लासला फोन लावला. मुख्लास म्हणाला, "आलोच, लिक. पाच मिनिटांत निघतो."

सुलासी त्या तीन गाड्यांकडे बघत होती. "ही समोर उभी आहे की. हिच्यातून नेऊ या."

"ह्या उठत नसतात, माकने."

"एकदा फिरवून तर बघा."

"बघायचं काय त्यात? एवढं दंव पडलंय. शेगडी लावली तरी अर्धा तास जाईल. तोवर मुख्लास दारात येईल. तू घरी जा, तिच्याजवळ बस."

आता इथे झाकपाक करून उपयोग नाही. सीलचा विचार त्याच्या मनात आला. जावयाच्या नोकरीचाही आला. पण नुसतं तेवढंच असतं तर त्याने सील टराटरा फाडलं असतं. पोरीपुढे नोकरी कसली? त्याने फाडलं नाही कारण त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाही अडाण्याने, लहान पोरानेसुद्धा, किल्ली घालून फिरवून पाहिली असती. तुर्मुदी जाणकार होता, म्हणून तो थांबला.

तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. वळणावर दिवे दिसेनात. मग फोन वाजला.

"लिक, फिरतेय पण पकडत नाही," मुख्लासचा आवाज रडवेला झाला होता. "शेडमध्येही गोठलंय सगळं. बॅटरी बसत आली. तुम्ही या."

तुर्मुदीने घरातून निखारे भरून घेतले, किटली उचलली आणि बांधाबांधावरून केंद्राकडे पळत सुटला. त्या वयात, त्या उतारावर, हातात विस्तव घेऊन. दोनदा पडला, हात भाजला. केंद्रावर पोचला तो थेट गाडीपाशी गेला. मुख्लासला बाजूला सारून शेगडी लावली, पाणी सोडलं, उकिडवा बसला. मुख्लास रडत म्हणाला, "मारू का?" तुर्मुदी म्हणाला, "थांब." घाई केली असती तर उरलीसुरली बॅटरी गेली असती. पोटची पोर तिकडे रक्तात पडलेली आणि बाप इंजिनाची झोप नीट मोडायची वाट बघत बसलेला. शेवटी त्याने मान हलवली आणि गाडी उठली.

तोवर ऊन कड्यावर आलं होतं. वितारीला गाडीत घातलं तेव्हा ती शुद्धीवर होती. केंद्राची सुईणबाई मागे बसली, सुलासीने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. वोनोसोबोच्या इस्पितळाकडे उतरताना वळणांवर वितारी म्हणाली, "बापाक, फार थंडी वाजतेय." त्याने अंगातलं जाकीट काढून मागे दिलं. वोनोसोबो दिसायला लागलं आणि सुईणबाईने मुख्लासच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आता सावकाश चालव. आई आणि पोटातलं मूल, दोघंही गेली होती.

दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. संध्याकाळपासून घरात गेलेल्यांसाठीच्या तहलीलच्या प्रार्थना सुरू झाल्या. हेंद्रार्तोही आला, मागच्या चटईवर मान घालून बसला. जाताना म्हणाला, "पाक, राखणीला दुसरा माणूस बघतो. आणि त्या पहाटे तुम्ही मला एक फोन केला असता तर..." मग तो चपला घालायला वाकला.

"उठल्या नसत्या त्या," तुर्मुदी म्हणाला.

तेच तो सगळ्यांना सांगायला लागला. चहा द्यायला आलेल्या कासनोला सांगितलं, रियाऊहून आलेल्या जावयाला सांगितलं. "गाड्या समोर होत्या, पण उपयोग काय? उठल्याच नसत्या." माणसं हो म्हणायची. तुर्मुदीपेक्षा कुणाला जास्त कळतं? सुलासी मात्र विषय निघाला की उठून कामाला लागायची. ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. एकदा रात्री जेवताना तो स्वतःहून म्हणाला, "तूच सांग, उठल्या असत्या का?" तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि ती आत निघून गेली.

घरात बसवत नव्हतं, म्हणून तो पुन्हा राखणीला जाऊन बसला. आता त्याला नोकरी नको होती, नाव नको होतं. त्या गाड्या ठरल्या दिवशी उठू नयेत एवढंच हवं होतं. ज्याने जन्मभर गाड्या उठाव्यात म्हणून गुडघे टेकले, तो पहाटेच्या नमाजात कपाळ जमिनीला लावून मागायचा, देवा, ह्या गाड्या उठवू नकोस. माणसाला काय काय मागावं लागतं.

चाचणीच्या पहाटे दंव त्या दिवसापेक्षाही जाड पडलं होतं. काचा पांढऱ्या, सीलांवर बर्फाचा पापुद्रा. जाकार्ताहून साहेब लोक आले होते, जाड जाड कोट घालून हात चोळत उभे. वाडीही जमली होती. आवाराच्या भिंतीशी सुलासी शाल घेऊन उभी होती. ती येईल असं तुर्मुदीला वाटलं नव्हतं. हेंद्रार्तोने थर्मामीटर वाचला, तुर्मुदीकडून किल्ल्यांचं पाकीट घेतलं, सील तपासली, एकेक काढली.

"मी फिरवतो," तुर्मुदी म्हणाला.

हेंद्रार्तोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

तुर्मुदी पहिल्या गाडीत बसला. सीट बर्फासारखी गार होती. हेंद्रार्तोने हात खाली केला आणि त्याने किल्ली फिरवली.

गाडी उठली. शेगडी नाही, किटली नाही, साधी खोकलीसुद्धा नाही. अर्ध्या फेऱ्यात इंजिनाने पकडलं आणि ते एकसारखं चालायला लागलं. मागून थोडासा पांढरा धूर निघाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, गावानेही वाजवल्या. कुणीतरी हेंद्रार्तोला मिठी मारली. तुर्मुदीचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. तो ऐकत होता, आणि त्याच्या कानाला त्या आवाजात कुठेही खोट सापडत नव्हती.

सुलासी गर्दीतून पुढे आली. रडत नव्हती. खिडकीशी वाकून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"उठली की हो, पाकने," ती म्हणाली.

तुर्मुदीने मान हलवली. पलीकडे दुसरी गाडी सुरू झाली, मग तिसरी, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.